पाटीवर कॉलेज लिहीत नाहीत

मेल शुक्रवारी दुपारी आला, जेवणानंतरच्या त्या सुस्त वेळेत. चार ओळींचा. "नमस्कार सर, माझी निवड झाली नाही हे एचआरकडून कळलं. त्याबद्दल काही नाही. एकच विचारायचं होतं. आता चांगल्या कॉलेजातून परत एम.टेक. करावं, की आहे त्यावरच पुढे पीएच.डी.ला लागावं? कशाने फरक पडेल? तुम्ही मुलाखतीत नीट ऐकून घेतलंत, म्हणून तुम्हाला विचारतेय." मी त्याला पिवळा तारा लावला, म्हणजे 'निवांत उत्तर देऊ' असं स्वतःलाच सांगितलं, आणि चाचणीचा रिपोर्ट उघडला. तो तारा पुढे नऊ दिवस तिथेच होता. रोज सकाळी मेल उघडला की आधी तोच दिसायचा.

नीट ऐकून घेतलंत, हे जास्त लागलं. ऐकलं होतं खरंच. चाकणला आमचं ऑफिस आहे, गाड्यांचे सुटे भाग डिझाइन करणाऱ्या कंपनीचं. तिथल्या सिम्युलेशनच्या, म्हणजे भाग किती ताण सोसेल हे कॉम्प्युटरवर तपासणाऱ्या, टीममध्ये एक जागा होती आणि मुलाखत घ्यायला आम्ही तिघं होतो. ही मुलगी तिसरी आली. एकोणतीस वर्षांची. दहावीनंतर गव्हर्मेंट पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर, तालुक्याच्या गावातल्या कॉलेजातून बी.ई., दुसऱ्या एका तालुक्यातल्या कॉलेजातून डिझाइनमध्ये एम.ई., आणि त्यानंतर भोसरीत एका व्हेंडरकडे चार वर्षं. एकेक पायरी चढत आलेला बायोडेटा, एकही पायरी गाळलेली नाही. आम्ही नेहमीप्रमाणे एका ब्रॅकेटचा रिझल्ट स्क्रीनवर लावला. रंगीत चित्र असतं ते. निळं म्हणजे ताण कमी, लाल म्हणजे जास्त. ब्रॅकेटच्या आतल्या कोपऱ्यात एक लालभडक ठिपका होता. विचारलं, काय करशील? बहुतेक मुलं म्हणतात, जाडी वाढवू. ती थोडी पुढे झुकली, चष्मा वर केला आणि म्हणाली, "सर, तो लाल ठिपका खोटा आहे."

मग तिने समोरच्या कोऱ्या कागदावर कोपरा काढला. कोपरा मॉडेलमध्ये धारदार ठेवलाय, फिलेट, म्हणजे गोलाई, दिलेलीच नाही, म्हणून तिथे मेश, म्हणजे हिशेबाची जाळी, जितकी बारीक कराल तितका आकडा वाढत जाईल, थांबणारच नाही. त्या आकड्यावर निर्णय घेता येत नाही. इथपर्यंत पुस्तकातलं झालं, हुशार पोरं सांगतात कधीकधी. पुढचं पुस्तकात नसतं. "आमच्याकडे असे ब्रॅकेट तुटून परत यायचे. मी हातात घेतलेत. ते या कोपऱ्यातून तुटत नाहीत, वेल्ड संपते तिथून तुटतात. चीर केसाएवढी असते, सुरुवातीला नख फिरवलं तरच कळते." आणि तिने खरोखर अंगठ्याचं नख टेबलाच्या कडेवरून फिरवून दाखवलं. पन्नास मिनिटं आम्ही तिला प्रश्न विचारत होतो. तिच्याआधीच्या मुलाला पंचवीस मिनिटांत मोकळं केलं होतं. तो आयआयटीचा बी.टेक. होता. चांगला होता, उगाच खोटं कशाला बोलू. त्याने लाल ठिपक्याचं पहिलं अर्धं बरोबर सांगितलं आणि उरलेला वेळ आम्ही त्याला कंपनीबद्दल सांगत बसलो, म्हणजे मुलाखत त्यानेच आमची घेतली म्हणायची.

जागा त्याला मिळाली.

माझ्या वडिलांच्या घराच्या दाराला एक पाटी आहे. संगमनेरला, पत्र्याची, हिरव्यावर पांढरी अक्षरं. नाव, खाली 'एम.ए., बी.एड.'. ती पहिल्यांदा रंगवली तेव्हा 'बी.ए., बी.एड.' अशी होती. वडील हायस्कुलात इतिहास शिकवायचे. शिक्षकांना बारा वर्षांनी वरिष्ठ श्रेणी मिळते आणि चोवीस वर्षांनी निवड श्रेणी, पण निवड श्रेणीसाठी नुसती वर्षं भरून चालत नाहीत, शिक्षणही वाढवावं लागतं. म्हणून पंचेचाळिशीच्या आसपास त्यांनी पुणे विद्यापीठाचं एम.ए. बहि:स्थ करायला घेतलं. मी तेव्हा नववी-दहावीत होतो. पहाटे चारला स्वयंपाकघरातला दिवा लागायचा, स्टोव्हचा आवाज यायचा, आणि थोड्या वेळाने वडिलांचं पुटपुटणं. सहामाहीच्या तपासून झालेल्या पेपरांच्या कोऱ्या पाठीवर ते नोट्स काढायचे, त्यामुळे एका बाजूला पानिपताची कारणं आणि दुसऱ्या बाजूला कुण्या आठवीतल्या पोराला मिळालेले बारा मार्क असायचे. परीक्षेचं केंद्र नगरला होतं. पहाटेच्या एसटीने गेले, हॉलमध्ये जाऊन बाकावर बसले, तर सुपरवायझर त्यांचाच जुना विद्यार्थी. तो चटकन उभा राहिला, "सर, तुम्ही?" म्हणाला, आणि मग काय करावं न कळून त्याने त्यांना पेपर दोन्ही हातांनी दिला. हे सांगताना वडील इतके हसायचे की पुढचं सांगायचं राहून जायचं.

निकाल लागला, सेकंड क्लास. महिन्याभरात पेंटर आला आणि त्याने 'बी.ए.'तला 'बी' हिरव्या रंगाने पुसून त्यावर 'एम' काढला. पाटी नवीन करा म्हणत होता, वडील म्हणाले, दोन अक्षरांसाठी कशाला. तो हिरवा रंग थोडा वेगळा पडला आणि नंतर उन्हाने आणखी वेगळा झाला. आता संध्याकाळचं ऊन तिरपं आलं की 'एम'खालचा 'बी' दिसतो. बहि:स्थ पदवीला कॉलेज नसतं. हे मला फार उशिरा लक्षात आलं. वडिलांच्या एम.ए.ला कॉलेजच नव्हतं, नुसती पदवी होती, आणि सर्व्हिस बुकात तेवढीच नोंदवायची असते. आपल्याकडच्या पाट्याच तशा. एल.एल.बी., बी.ए.एम.एस., एम.कॉम., जी.डी.आर्ट. लग्नपत्रिकेतही चि. अमुक, कंसात बी.ई. कुठून बी.ई. हे पत्रिकेत कुणी छापत नाही. ते मधल्या माणसाकडच्या बायोडेटात असतं, आणि खरा भाव तिथेच ठरलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

मी चौऱ्याण्णव साली बारावी झालो. तेव्हा सीईटी वगैरे नव्हती, बारावीच्या पीसीएमवर प्रवेश. मला सीओईपी मिळालं, पुण्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज. माझ्याच बाकावर बसणाऱ्या मित्राला तीन मार्कांनी गेलं आणि तो तालुक्याच्या गावातल्या एका विनाअनुदानित कॉलेजात गेला. वसंतदादांनी १९८३ साली परवानग्या दिल्यानंतर जी कॉलेजं निघाली त्यांतलं एक. बाहेर उसाचे ट्रॅक्टर, आत वर्कशॉपला पत्र्याचं छप्पर. आम्ही दोघं एकाच विद्यापीठाचे, एकाच दिवशी एकच पेपर सोडवायचो, कारण सीओईपी तेव्हा स्वायत्त झालेलं नव्हतं. थर्ड इयरला त्याला माझ्यापेक्षा नऊ मार्क जास्त होते, मला अजून आठवतात, त्याच्या लक्षातही नसतील. पण फायनल इयरला कंपन्या आमच्याकडे आल्या. त्याच्याकडे कुणी आलं नाही. मी कॅम्पसमधून थेट कंपनीत गेलो, तो भोसरीच्या एका शेडमध्ये ट्रेनी म्हणून लागला. तीन मार्क. भौतिकशास्त्रातला एक प्रश्न असतो तेवढा.

नाव कामाला येतं, हे मी नाकारणार नाही. फक्त पहिल्या नोकरीत नाही, नंतरही. तिशीत मी नोकरी बदलली तेव्हा मुलाखत घेणारे गृहस्थ बायोडेटा बघून म्हणाले, "अरे, सीओईपी का! बॅच कुठली?" आणि पुढची वीस मिनिटं बोट क्लब, रेगाटा म्हणजे नदीवरचा होड्यांचा महोत्सव, हॉस्टेलची मेस आणि पावसाळ्यात मुठेला येणारं पाणी यांवर गेली. शेवटी एक तांत्रिक प्रश्न त्यांनी विचारला, तोही दिलगिरीच्या सुरात. मी बाहेर आलो तेव्हा भारी वाटलं होतं. आत्ता लिहिताना वाटतंय की त्या दिवशी माझ्याऐवजी दुसरं कुणीही त्या खुर्चीत बसलं असतं, फक्त रेगाटा पाहिलेलं हवं होतं.

मित्राचं पुढे असं झालं की शेडमधून कंटाळून तो परत शिकायला लागला. एम.ई. केलं, लेक्चरर झाला, मग पीएच.डी. कॉलेजच्या नोकरीत वडिलांच्या पाटीचाच कायदा चालतो. इंजिनिअरिंगला असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर एम.ई. लागतं, असोसिएट व्हायचं तर पीएच.डी. लागते. नुसतं बी.ई. कितीही मोठ्या कॉलेजचं असू दे, दारातच अडतं. एकदा गप्पा मारताना मी जरा कॉलेजचं कौतुक केलं तर तो म्हणाला, "तुझ्या कॉलेजचं नाव आमच्या सर्व्हिस बुकात कुठल्या रकान्यात लिहायचं सांग, मी क्लार्कला विचारतो." आज तो डॉक्टर आहे. माझी आई त्याचा उल्लेख 'आपला डॉक्टर' असा करते, आणि माझ्या पोटात अजूनही किंचित काहीतरी हलतं. पगार माझा जास्त आहे. हे वाक्य मी इथे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

आणि एक जर्मनी. आमची मूळ कंपनी तिथली. काही वर्षांपूर्वी चार महिने तिकडे होतो. पहिल्या मीटिंगला सगळ्यांनी कार्डं दिली, त्यावर नावाआधी 'डॉ.-इंग.', नाहीतर 'डिप्ल.-इंग.'. विद्यापीठाचं नाव एकाच्याही कार्डावर नाही. म्हणजे संगमनेरच्या पाटीचीच जर्मन आवृत्ती. माझ्या कार्डावर नुसतं नाव होतं. जेवताना एकाने विचारलं तेव्हा मी सीओईपी सांगितलं, १८५४ पासूनचं आहे म्हणालो, आणि त्याने अगदी आदराने विचारलं, "ते कुठल्या शहरात आहे?" तिकडे कायमचा गेलेला आमचा एक सहकारी सांगतो, ब्लू कार्डासाठी, म्हणजे तिथे राहून नोकरी करायच्या परवान्यासाठी, त्याने तिथल्या सरकारी यादीत, आनाबिनमध्ये, आपलं विद्यापीठ शोधलं. त्यापुढे एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त असा शेरा, आहे की नाही आणि पदवी त्यांच्या पदवीच्या तोडीची आहे की नाही, एवढंच बघतात. कटऑफ किती होता, बोट क्लब आहे का, कुणी विचारत नाही. सीओईपीच्या आणि त्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्या कॉलेजच्या माझ्या वेळच्या मुलांना तिकडे एकच एच प्लस.

तारा लावून चार-पाच दिवस झाले असतील, १५ सप्टेंबर आला. ऑफिसात इंजिनिअर्स डे असतो. रिसेप्शनजवळ विश्वेश्वरय्यांच्या फोटोला झेंडूचा हार, समोशांचे ट्रे, एचआरची क्विझ. क्विझमध्ये प्रश्न होता, त्यांनी इंजिनिअरिंग कुठून केलं? मी अर्थातच सगळ्यांआधी ओरडलो, कारण आमच्या कॉलेजच्या प्रत्येक माणसाला हे तोंडपाठ असतं. समोसा खाताना मात्र दुसरंच आठवलं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे तेव्हाच्या सीओईपीतून, १८८३ साली त्यांनी जे केलं ती बी.ई. नव्हती, एल.सी.ई. होती, लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग. ज्या माणसाने १९०३ मध्ये खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, त्याचा बायोडेटा आमच्या तक्त्यात टाकला तर कुठल्या रकान्यात बसेल, असा आचरट विचार आला. संस्थेला एक नंबर आणि पदवीपुढे 'तपासून पाहणे'.

तो तक्ता. नऊ दिवस मी ज्याच्यापासून पळत होतो तो हाच.

उमेदवाराला मार्क द्यायची आमची एक एक्सेल शीट आहे. तांत्रिक ज्ञान, अनुभव, बोलणं, आणि 'संस्था' म्हणून एक रकाना. संस्थेचे तीन गट आहेत. बरोबरीत कुणी असलं की या रकान्यावर निकाल लागतो, आणि मुलाखतीत बरोबरी होतेच, कारण तिघांपैकी कुणीही कुणाला फार कमी मार्क द्यायला धजत नाही. ही शीट सहा वर्षांपूर्वी बनवली तेव्हा मी त्या कमिटीत होतो. दोन जागांना चारशेच्या वर अर्ज आले होते, चाळणी लावणं भाग होतं. तेव्हा प्रश्न निघाला, एखाद्याची बी.ई. एका कॉलेजची आणि एम.टेक. दुसऱ्या कॉलेजचं असेल तर कुठलं धरायचं? एक जण म्हणाला, आयआयटीचं एम.टेक. आणि आयआयटीचं बी.टेक. एक नव्हे, गेट ही प्रवेश परीक्षा देऊन कुणीही जातं. सगळे हसले. मीही हसलो. मग मीच बोललो, पहिली पदवी धरू, सोपं पडेल. आणि शीटच्या खाली एक बारीक टीप टाकली: 'संस्था गट पहिल्या पदवीनुसार'. शब्द माझे आहेत. तिच्या नावापुढे तीन नंबरचा गट निवडला तोही मीच, शीट माझ्या लॅपटॉपवर होती.

म्हणजे तिच्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्याच मिनिटाला माहीत होतं. आयआयटीतून परत एम.टेक. केलं तरी फरक पडणार नाही. पीएच.डी. केली तरी नाही. आमच्या शीटमध्ये ती कायम तालुक्याच्या गावातल्या कॉलेजचीच राहणार, कारण पंधराव्या-सोळाव्या वर्षी पॉलिटेक्निकला गेलेली मुलगी पुढे काय काय शिकली याला तिथे जागाच नाही. आमच्या शीटमध्ये पेंटरला बोलवायची सोय नाही.

शेवटी एका रविवारी सकाळी उत्तर लिहायला बसलो. आधी शहाणपणाचं लिहिलं. पैशांचा हिशेब मांडला, कारण तो मला येतो. गेट देऊन एम.टेक.ला गेलीस तर महिन्याला १२,४०० रुपये मिळतात. तुझा आत्ताचा पगार अर्जावर ४१ हजार आहे. दोन वर्षांत जवळजवळ सात लाखांवर पाणी, शिवाय हॉस्टेल. पीएच.डी.ला जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, महिन्याला ३७,००० आहे, दोन वर्षांनी ४२,०००, म्हणजे घर चालेल, पण पाच वर्षं जातील आणि आमच्यासारख्या कंपन्या मग 'जास्त शिकलेली' म्हणून नाक मुरडतील. शिकवायचं मनात असेल तर मात्र पीएच.डी.च कर, तिथे एकेका पायरीला किंमत आहे. कंपनीतच राहायचं असेल तर पदवीपेक्षा मोठ्या कंपनीत दोन वर्षं काढलेली बरी, कारण पुढच्या वेळी लोक कॉलेजआधी मागच्या कंपनीचं नाव वाचतात. सगळं बरोबर होतं. वाचून पाहिलं तर कुठल्याही सेमिनारमधल्या काकांनी दिलं असतं तसं उत्तर होतं. मुख्य गोष्ट त्यात नव्हती.

मग खाली आणखी एक परिच्छेद टाकला. तुझी मुलाखत त्या दिवशीची सगळ्यात चांगली होती. तू कमी पडली नाहीस. आमच्याकडे एक रकाना आहे, तो पहिल्या पदवीचं कॉलेज बघतो, त्यात तुझी पुढची कुठलीही पदवी चढत नाही. तो नियम करणाऱ्यांत मी होतो. असं कुणा उमेदवाराला कळवणं आमच्या धोरणात बसतं का, बहुधा नाही. कर्सर पाठवायच्या बटणावर ठेवून मी चहा करून आलो, चहा संपवला, मग पाठवलं. सोमवारी एचआरला लिहिलं की ती टीप काढता येईल का, निदान शेवटची पदवी धरू. उत्तर लगेच आलं, हसऱ्या चेहऱ्यासकट: नक्की सर, पुढच्या सायकलला चर्चेला घेऊ.

तिचं उत्तर बुधवारी आलं. हे माहीत नव्हतं, सांगितलंत ते बरं केलंत, असं होतं. खाली एक ओळ: "गेटचा फॉर्म मात्र मी तुमच्या उत्तराची वाट बघून शनिवारीच भरून टाकला. फी परत मिळत नाही सर, त्यामुळे आता देतेच."